कारखान्याबाहेर घडलेली गिटार

वाद्य एकदा कारागिराच्या हातून निघाले की ते पूर्ण झाले, पुढे त्याची निगा राखावी, मोडतोड झालीच तर डागडुजी करून घ्यावी, परंतु त्याच्या अंतरंगात फेरफार करण्याचा अधिकार वाजवणाऱ्याला नाही, ही समजूत बहुतेक वाद्यपरंपरांनी निमूटपणे मान्य केलेली आहे. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात अमेरिकेतील गिटारवादकांनी ती धुडकावून लावली. कोणीतरी वापरून विकलेली विद्युत् गिटार स्वस्तात पैदा करावी, घरी आणून तिचे स्क्रू सोडवावेत, कारखान्याने बसवलेले, तारांचे कंपन टिपणारे पिकअप डाक उकलून बाहेर काढावेत आणि त्यांच्या जागी आपल्या कानाला रुचणारे दुसरे बसवावेत. खुंट्या फिरताना अडखळत असतील तर त्याही बदलाव्यात, घोडी तारा नीट धरीत नसेल तर तिलाही रजा द्यावी. हा प्रकार प्रथम काही तऱ्हेवाईक तरुणांचा रिकामपणचा उद्योग म्हणून सुरू झाला, आणि दहा-बारा वर्षांच्या अवधीत त्याने फेंडर व गिब्सन या दोन मातब्बर कारखान्यांना आपल्या मागे चालावयास लावले.

या बंडाचे बीज मात्र कारखान्यातच पेरले गेले होते. विद्युत् गिटारीचा आवाज म्हणून जो आपल्या कानी पडतो, तो तिच्या लाकडातून थेट येत नाही. तारांच्या खाली चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार छेडली म्हणजे तेथील चुंबकीय क्षेत्र हेलकावते, वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तोच पुढे ॲम्प्लिफायरमध्ये मोठा होऊन ध्वनिरूपाने प्रकट होतो. जॉर्ज बोशाँप यांनी योजलेला या जातीचा पिकअप १९३२ मध्ये रिकनबॅकरच्या हवाईयन गिटारीवर बसून बाजारात आला. तेव्हापासून गिटारीच्या स्वराचे निम्मे रहस्य लाकडातून निघून त्या वेटोळ्यात जाऊन बसले. आणि लाकूड बदलता येत नसले तरी वेटोळे बदलता येते, ही गोष्ट ध्यानात यावयास आणखी चाळीस वर्षे लागली.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओ-दुरुस्तीचे दुकान चालवणारे लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती, आणि वाद्यनिर्मितीच्या कुलपरंपरेचे कसलेच ओझे त्यांच्या खांद्यावर नव्हते. बिघडलेला भाग चटकन काढता यावा व तितक्याच चटकन दुसरा बसवता यावा, ही रेडिओ-दुरुस्तीदाराची सवय त्यांनी गिटारीला लावली. १९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडाची जी गिटार विक्रीस काढली व जी पुढे टेलिकास्टर म्हणून प्रसिद्धीस आली, तिची मान खोडाला सरसाने चिकटवलेली नव्हती. चार लांब स्क्रू आणि एक पोलादी पट्टी एवढ्यावर ती उभी होती. १९५४ साली आलेली, २४९.५० डॉलर किमतीची स्ट्रॅटोकास्टर तर याहून एक पाऊल पुढे गेली. तिच्या तारा सैल करून पुढच्या प्लास्टिकच्या पातळ तबकडीचे स्क्रू काढले की त्या तबकडीबरोबर तिन्ही पिकअप, आवाज व स्वररंग कमीजास्त करण्याच्या मुठी आणि पिकअप निवडण्याची कळ, असा सारा संसार एकत्र उचलला जातो. त्याला लाकडाशी बांधून ठेवणारे असे काही उरत नाही, फक्त बाहेर जाणाऱ्या दोन वायरी आणि पाठीमागच्या स्प्रिंगांच्या पंज्याला डाक देऊन जोडलेली अर्थिंगची एक वायर. फेंडर यांनी ही रचना उत्पादनाच्या सोयीसाठी केली होती. परंतु जे कारखान्यात सहज जोडता येते ते घरात सहज सोडवताही येते, आणि या न्यायाने प्रत्येक स्ट्रॅटोकास्टरबरोबर तिचे अंतरंग बदलण्याची मुखत्यारीच गिऱ्हाइकाच्या हाती जात होती.

मिशिगन प्रांतातील कॅलमझू येथल्या गिब्सन कारखान्याचा शिरस्ता वेगळा होता. तेथे मान सरसानेच चिकटवली जाई, खोडाचा वरचा भाग व्हायोलिनसारखा कोरला जाई, आणि पिढीजात कारागिरीचा अभिमान बाळगला जाई. परंतु एक व्याधी दोन्ही कारखान्यांना समान होती. एका वेटोळ्याचा पिकअप जसा तारेचे कंपन टिपतो, तसाच तो खोलीतील दिव्यांचा व रोहित्रांचा, सेकंदाला साठ आवर्तनांचा गुणगुणाटही टिपतो. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी यावर जो तोडगा काढला तो शास्त्रदृष्ट्या अत्यंत सुबक होता. त्यांनी दोन वेटोळी शेजारीशेजारी मांडली, एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट ठेवले आणि चुंबकाचे ध्रुवही उलट केले. परिणामी बाहेरून येणारा गुणगुणाट दोन्ही वेटोळ्यांत परस्परविरुद्ध होऊन मिटून जातो, आणि तारेचे कंपन मात्र दोहोंत एकाच दिशेने मिळून अधिक पुष्ट होते. १९५५ च्या जून महिन्यात त्यांनी पेटंटचा अर्ज दाखल केला. १९५७ पासून हा ‘हंबकर’ गिटारींवर बसू लागला, आणि पेटंट हाती पडेपर्यंत, म्हणजे १९५९ पर्यंत व त्यानंतरही काही काळ, त्याच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची एक चिमुकली चिठ्ठी चिकटवली जात असे. त्या चिठ्ठीतील इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पुढे ‘पीएएफ’ हे नाव पडले. गंमत अशी, की पेटंट मिळाल्यानंतर चिठ्ठीवर जो क्रमांक छापला गेला तो या पिकअपचा नव्हताच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या, तारा अडकवण्याच्या धातूच्या सरंजामाचा होता. नकलाकारांनी दप्तरात शोध घेतला तर त्यांची दिशाभूल व्हावी, असा त्यामागे हेतू असावा असे अनेक जण मानतात.

या पीएएफविषयी पुढे जी भक्ती निर्माण झाली, तिचे मूळ त्याच्या आराखड्यापेक्षा त्याच्या घडणीतील ढिलाईत होते. प्रत्येक वेटोळ्याला सुमारे पाच हजार वेढे द्यावयाचे, असा सर्वसाधारण मान असे; परंतु वेढे मोजून आपोआप थांबण्याची तजवीज सुरुवातीच्या यंत्रांत नसल्यामुळे कधी चारदोनशे अधिक, कधी उणे, आणि एकाच पिकअपच्या दोन वेटोळ्यांतही तफावत, असे सर्रास घडे. चुंबकही हाती येईल त्या प्रतीचा घातला जाई. काळे प्लास्टिक कमी पडले तेव्हा मलईच्या रंगाच्या रिळांवर तार गुंडाळली गेली, कारण वरून धातूचे झाकणच बसणार असल्याने आतला रंग कोण पाहणार! मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना कानाने ठरवतो की आता हात थांबवावा. कॅलमझूच्या यंत्रावर हे ठरवणारा कान नव्हता, तरीही नुसत्या योगायोगाने काही पिकअप असे उतरले की त्यांच्या स्वराची बरोबरी खुद्द गिब्सनलाही पुन्हा करता येईना.

तो स्वर जगाने ओळखला तोपर्यंत हे पिकअप जिच्यावर बसत ती गिटार बंद झालेली होती. लेस पॉल यांच्या नावाची, कोरलेल्या मेपल लाकडाची गिटार खपत नाही म्हणून १९६० च्या अखेरीस गिब्सनने तिचा जुना घाट सोडून दिला. आणि १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या ताफ्याबरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन या इंग्रज तरुणाने तसलीच एक जुनी लेस पॉल मार्शलच्या ॲम्प्लिफायरला जोडून इतक्या मोठ्या आवाजात वाजवली, की तिचा तापलेला, दीर्घकाळ टिकणारा, किंचित फाटलेला स्वर हाच पुढच्या पिढीचा आदर्श ठरला. मागणी उसळली, आणि माल तर दुसऱ्यांनी वापरलेल्या वाद्यांतच शिल्लक होता. १९६८ मध्ये गिब्सनने लेस पॉल पुन्हा काढली. परंतु पुढच्या वर्षी आलेल्या ‘डीलक्स’ नमुन्यावर तिने अंगाने लहान असे हंबकर बसवले, जे एपिफोन या उपकंपनीच्या गिटारींतून उरलेले होते. क्लॅप्टनचा स्वर मिळेल या आशेने ती घेणाऱ्यांची निराशा झाली आणि पटाशीने लाकूड कोरून, भोक मोठे करून, तेथे पूर्ण आकाराचे हंबकर बसवण्याचा सपाटा सुरू झाला.

याच सुमारास दोन्ही कारखान्यांचे धनी बदलले होते. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी आपला सारा व्यवसाय सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकला. गिब्सनची मूळ कंपनीही १९६९ मध्ये एका बड्या व्यापारी समूहाच्या ताब्यात गेली, ज्याने पुढे नॉर्लिन हे नाव घेतले. नव्या मालकांचा भर संख्येवर व जमाखर्चावर होता. फेंडरच्या मानेचे चार स्क्रू १९७१ च्या सुमारास तिनावर आले. गिब्सनची खोडे अनेक थर चिकटवून होऊ लागली. त्या काळातील प्रत्येक वाद्य टाकाऊ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु नवी गिटार हातात घेऊन जुनीची आठवण काढणाऱ्यांचा एक मोठा वर्ग तयार झाला, यात शंका नाही. १९७० मध्ये क्लॅप्टन यांनी नॅशव्हिलच्या शो-बड या दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर एकगठ्ठा विकत घेतल्या, काही जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड व स्टीव्ह विनवुड या मित्रांना दिल्या, आणि उरलेल्यांतून एकीची मान, दुसरीचे खोड, तिसरीचे पिकअप असे निवडून एक नवीच गिटार उभी केली. तिचे नाव ‘ब्लॅकी’. आणि २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर मिळाले. इतकी कीर्ती मिळवणारी ती गिटार कोणत्याही कारखान्यातून त्या रूपात बाहेर पडलेली नव्हती.

मात्र जुन्या गिटारींच्या साठ्याला मर्यादा होती, आणि म्हणून १९७२ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरते. न्यूयॉर्कमध्ये गिटारदुरुस्तीचे काम करणाऱ्या लॅरी डिमार्झिओ या तरुणाच्या ध्यानात आले, की गिऱ्हाइकाला पीएएफची नुसती नक्कल नको आहे. त्याला ॲम्प्लिफायर अधिक जोराने ढकलणारा पिकअप हवा आहे. त्याने नेहमीच्या ॲल्निको मिश्रधातूऐवजी अधिक प्रबळ सिरॅमिक चुंबक घेतला, वेढे वाढवले, आणि ‘सुपर डिस्टॉर्शन’ नावाचा हंबकर बाजारात आणला. वाजवणाऱ्याने स्वतः विकत घेऊन कारखान्याच्या पिकअपच्या जागी बसवावा, एवढ्याच उद्देशाने तयार झालेला हा पहिला व्यापारी पिकअप मानला जातो. आधीच्या हंबकरच्या जागेत तो नेमका बसे. झाकण नसल्यामुळे त्याची दोन्ही मलईरंगी रिळे उघडी दिसत, आणि गिटार लांबून पाहूनही कळे की हिच्या धन्याने हिचे इंजिन बदललेले आहे. ‘किस’ या ताफ्याचे एस फ्रेली व विलक्षण द्रुतगतीचे वादक अल डी मिओला यांच्या गिटारींवर तो दिसू लागताच त्याचा बोलबाला झाला. कॅलमझूमध्ये केवळ प्लास्टिकच्या टंचाईतून निपजलेल्या त्या जोड-मलई रंगावर डिमार्झिओने पुढे व्यापारचिन्हाचा हक्क मिळवला. त्यामुळे अमेरिकेच्या बाजारात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना, इतकेच नव्हे तर तो रंग प्रथम वापरणाऱ्या गिब्सनलाही, तो उघडपणे मिरवता येईना!

सेमूर डंकन यांची वाट याहून निराळी, संशोधकाची होती. न्यू जर्सीत वाढलेल्या या मुलाचा टेलिकास्टरचा पिकअप वाजवता वाजवता निकामी झाला, तेव्हा घरच्या ग्रामोफोनच्या फिरत्या तबकडीवर रीळ ठेवून त्याने तो स्वतः पुन्हा गुंडाळला. पुढे लंडनला फेंडरच्या दुरुस्तीगृहात काम करीत असता त्यांनी गिटारवादक जेफ बेक यांच्यासाठी एक जुनी टेलिकास्टर घेतली आणि तिच्यात निकामी होऊन पुन्हा गुंडाळलेले दोन गिब्सन हंबकर बसवले. फेंडरचे खोड आणि गिब्सनचा कंठ असा तो संकर होता. बेक यांनी १९७५ च्या ‘ब्लो बाय ब्लो’ या ध्वनिमुद्रिकेत तिचा उपयोग केला, आणि बदल्यात आपली ‘यार्डबर्ड्स’ या ताफ्याच्या काळातील जुनी फेंडर एस्क्वायर गिटार डंकन यांना देऊन टाकली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे डंकन यांनी स्वतःचा कारखाना काढला. त्यांच्या ‘जेबी’ नावाच्या पिकअपला आजही मोठी मागणी आहे. त्यांचा विशेष असा, की त्यांनी योगायोगाचे मोजमाप केले. जुन्या पिकअपांचे वेढे, तारेवरील लेप, चुंबकाची जात या सर्वांचा तपशील नोंदवून, जे कॅलमझूला नकळत साधले होते ते हेतुपूर्वक साधण्याचा प्रयत्न केला. पुढे त्यांनी वृद्ध सेथ लव्हर यांनाच सहकार्यास घेऊन त्यांच्या नावाचा हंबकर काढला, तेव्हा एक वर्तुळ पूर्ण झाले.

पिकअप बदलणारा हात धातूच्या सरंजामाकडे वळावा हे ओघानेच आले. क्लूसनच्या जुन्या खुंट्यांची प्लास्टिकची टोके काळाने आक्रसून भुगा होत. त्यांच्या जागी ग्रोव्हरच्या किंवा जर्मनीतील शालरच्या, बंद डबीत वंगण असलेल्या भक्कम खुंट्या बसू लागल्या, आणि त्यासाठी मानेच्या शिरातली भोके ड्रिलने मोठी करावी लागत. पितळेने नाद अधिक टिकतो या समजुतीने पितळी घोड्यांची एक लाटच आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘ग्रेटफुल डेड’ या ताफ्याच्या गिटारींत अलेंबिक मंडळी १९६९ पासूनच बॅटरीवर चालणारी विद्युत्सामग्री भरीत होती. डेव्हिड शेक्टर यांचे १९७६ मधील दुकान व वेन शारवेल यांची दुरुस्तीशाळा येथे तर मान, खोड, पिकअप, खुंट्या असा एकेक जिन्नस सुटा मिळे. यांतील अनेक फेरफार डोळसपणे झाले, काही निव्वळ हौसेने. एका वेटोळ्याच्या पिकअपच्या जागी हंबकर बसवून २५० किलोओहमचे जुने पोटेन्शिओमीटर तसेच ठेवले की स्वराची धार बोथट होते आणि तेथे ५०० चे लागतात, हे ज्ञान कित्येकांना पैसे खर्चून झाल्यावर प्राप्त झाले.

एक दोष मात्र कोणालाच हटवता येईना. स्ट्रॅटोकास्टरच्या घोडीला जोडलेली दांडी जोराने दाबली की तारा सैल पडून पुन्हा ताणल्या जात, परंतु मानेच्या टोकाशी व खुंट्यांवर त्या थोड्या सरकत आणि वाद्य बेसूर होई. दागिने घडवण्याचे काम जाणणाऱ्या फ्लॉइड रोझ या गिटारवादकाने दोन्ही टोकांना तारा चिमट्यात घट्ट आवळून टाकणारी घोडी तयार केली आणि १९७९ मध्ये तिचे पेटंट मिळवले. आता दांडी दाबून तारा लोंबू लागल्या तरी सोडताच त्या जागच्या जागी परतत.

हे सारे प्रवाह एका वाद्यात एकत्र आले. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे वाढलेल्या एडी व्हॅन हेलन या तरुणाला गिब्सनचा पुष्ट स्वर हवा होता आणि स्ट्रॅटोकास्टरची हलणारी घोडीही. दोन्ही एकत्र देणारे वाद्य त्याच्या मनाजोगे कोणी करीत नव्हते. त्याने वखारीतले दुय्यम प्रतीचे एक खोड ५० डॉलरना व एक मान ८० डॉलरना विकत घेतली, पटाशीने लाकूड फोडून घोडीजवळ एका जुन्या गिब्सनमधला हंबकर बसवला, आणि मोठ्या आवाजात तो किंचाळू नये म्हणून आधी वितळलेल्या मेणात बुडवून काढला. बाकीची जोडणी त्याला जमली नाही. म्हणून एकच मूठ ठेवली, जी वास्तविक आवाज कमीजास्त करी, पण जिच्या टोपीवर ‘टोन’ असे छापलेले होते. चिकटपट्टी लावून त्याने तिच्यावर पट्टे रंगवले. १९७८ च्या फेब्रुवारीत आलेल्या त्याच्या ताफ्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तिचा स्वर जगाने ऐकला. पुढे फ्लॉइड रोझची घोडी बसवल्यावर ती मागे झुकू नये म्हणून त्याने १९७१ सालचे पाव डॉलरचे एक नाणे खोडावर स्क्रूने ठोकले. ‘फ्रँकेन्स्टाइन’ या नावाने प्रसिद्ध झालेली ही गिटार २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्रदर्शित झाली.

यानंतर कारखान्यांनी फार काळ हट्ट धरला नाही. हेमर, क्रेमर, आयबानेझ या मंडळींनी डिमार्झिओचे पिकअप व फ्लॉइड रोझची घोडी आपल्या नव्या गिटारींवर बसवावयास सुरुवात केली, आणि जे काल घरात चोरीछुपे होत होते ते आज जाहिरातीत ठळक अक्षरांत छापले जाऊ लागले. १९८५ मध्ये सीबीएसने फेंडर तिच्याच अधिकाऱ्यांना १ कोटी २५ लाख डॉलरना, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या खरेदीपेक्षाही कमी किमतीस विकली. १९८६ मध्ये गिब्सन अवघ्या ५० लाखांत गेली. दोन्ही ठिकाणच्या नव्या कारभाऱ्यांनी प्रथम जे केले ते म्हणजे जुनी मोजमापे पुन्हा काढून आपल्याच १९५० च्या दशकातील वाद्यांची बारकाईने नक्कल करणे.

आणि येथेच या हकीकतीला एक विपरीत वळण लागले. जुन्या गिटारींचा बाजार जसजसा चढला, तसतसा ‘मूळ स्थिती’ हा किमतीचा मुख्य निकष बनला. ग्रोव्हरसाठी मोठी केलेली भोके, ‘डीलक्स’चे कोरलेले लाकूड, एकदा उकलून पुन्हा दिलेला डाक, हे सारे आता दोषांच्या यादीत गेले, आणि सुपर डिस्टॉर्शन बसवताना कपाटाच्या खणात फेकून दिलेले पीएएफ हजारो डॉलरना विकले जाऊ लागले. २००७ मध्ये फेंडरने ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या तीनशे हुबेहूब प्रती, ओरखडे व पाव डॉलरच्या नाण्यासकट, प्रत्येकी २५ हजार डॉलरना विकल्या, म्हणजे कारखान्याचे अपुरेपण झाकण्यासाठी १३० डॉलरच्या लाकडातून जे घडले, त्याची नक्कल कारखान्यालाच करावी लागली.

व्यापाऱ्याच्या खतावणीत म्हणूनच ज्यांनी पटाशी चालवली ते अपराधी ठरतात. परंतु ज्या ‘मूळ’ वस्तूचा त्यांनी भंग केला असे म्हटले जाते, ती वस्तू तरी कितपत निश्चित होती? कॅलमझूच्या यंत्राला वेढे मोजता येत नव्हते, चुंबक कोणता पडेल याचा नेम नव्हता, आणि फेंडर यांनी तर आपली मान चार स्क्रूंवर टांगून ती काढण्याची सोय स्वतःच करून ठेवली होती. जे अर्धवट व अनिश्चित होते ते त्या तरुणांनी आपल्या गरजेप्रमाणे पुरे केले. चुकले तेथे लाकूड वाया गेले, साधले तेथे एका पिढीचा स्वर सापडला. स्वराविषयीचा अंतिम निवाडा कारखान्याच्या दप्तरातून निघून वाजवणाऱ्याच्या कानाकडे आला तो कायमचाच. एके काळी बदललेल्या गिटारीची धास्ती घेतलेले फेंडर आणि गिब्सन आज आपले पिकअप सुटे, पेटीत घालून विकतात, ज्याचे त्याने आपल्या गिटारीत बसवून घ्यावेत म्हणून.